आधी अंघोळ, मग अक्षरं : ताराबाई मोडक यांच्याकडून पालकांनी काय शिकावं?

मूल वर्गात सारखं अंग खाजवतं, पेंगतं, अभ्यासात लक्ष देत नाही, अशी तक्रार शाळेतून आली की तुम्ही आधी त्याला रागावता का? जरा थांबा. मुळशी तालुक्यात पावसाळा सुरू झाला की माझ्या दवाखान्यात अशी मुलं येतात. अनेकदा कारण खरजेचं असतं. खाज रात्री वाढते, झोप होत नाही आणि सकाळी धडा डोक्यात शिरत नाही.

शिकण्याआधी शरीराकडे पाहावं लागतं, हे ताराबाई मोडक यांनी फार पूर्वी ओळखलं होतं.

ताराबाई कोण होत्या?

त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. पदवीनंतर त्या राजकोटला अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत माँटेसरी पद्धतीवर काम केलं. शहरातल्या बालशिक्षणात नाव झालं होतं, पण खेड्यातली गरीब मुलं त्यापासून दूरच होती. म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी, त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांच्या सहकारी झाल्या.

शाळाच अंगणात आली

मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडी वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. तिथे आधी मुलांना अंघोळ घातली जाई, नखं कापली जात, केस विंचरले जात. मग गाणी, गोष्टी आणि शंख-शिंपले, पानं, बिया घेऊन शिकणं. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या आणि १९७५ मध्ये सरकारची अंगणवाडी योजना देशात सुरू झाली.

माझी एक चूक

सुरुवातीच्या काळात मी खरजेच्या एका मुलाला मलम दिलं. तो दोनदा बरा झाला, दोनदा पुन्हा आला. एकाच गोधडीत झोपणाऱ्या भावंडांबद्दल मी विचारलंच नव्हतं. मी मूल तपासलं, घर पाहिलं नाही. ताराबाईंचं काम अंगणात चाले, त्यामुळे मुलाचं घरही त्यांच्या नजरेत असे.

तुम्ही काय कराल?

- खरूज असेल तर घरातल्या सगळ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने एकाच वेळी उपचार घ्या. त्याच दिवशी कपडे, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. उपचारानंतरही खाज दोन-चार आठवडे राहू शकते.
- आठवड्यातून एकदा नखं कापा, डोक्यात उवा आहेत का पाहा.
- शाळेत मिळणारी जंतनाशक आणि लोहाची गोळी चुकवू नका.
- राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत वर्षातून एकदा, अंगणवाडीत दोनदा तपासणी होते. त्या दिवशी मुलाला नक्की पाठवा. पुढे दाखवायला सांगितलं, तर टाळू नका.

डॉक्टरांकडे कधी जाल?

खरजेच्या जागी पू किंवा ताप आला, मूल फिकट दिसू लागलं, लवकर दमू लागलं किंवा फळ्यावरचं वाचायला डोळे बारीक करू लागलं, तर लगेच दाखवा.

आणि हो, अस्वच्छ म्हणून मुलाला चारचौघांत लाजवू नका. ताराबाईंनी मुलांना परत पाठवलं नाही, अंघोळ घातली.