शार्ल जोसेफ मिनार

शार्ल जोसेफ मिनार (२७ मार्च १७८१, दिजों – २४ ऑक्टोबर १८७०, बोर्दो) हे फ्रेंच स्थापत्य अभियंता आणि सांख्यिकीय नकाशांचे आद्य रचनाकार होते. नकाशावरील पट्ट्याची रुंदी किंवा वर्तुळाचे क्षेत्रफळ संख्येच्या ठरावीक प्रमाणात ठेवायचे आणि ते प्रमाण नकाशावरच एककासह नोंदवायचे, ही त्यांच्या कामाची मुख्य ओळख होय. नेपोलियनच्या १८१२ मधील रशियन मोहिमेचा त्यांनी काढलेला आलेख जगप्रसिद्ध आहे.

शिक्षण आणि नोकरी

वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्याआधीच मिनार यांना पॅरिसच्या एकोल पोलितेक्निक या संस्थेत प्रवेश मिळाला. पुढे त्यांनी रस्ते व पूल बांधणीच्या शासकीय विद्यालयात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि सरकारी सेवेत प्रवेश केला. कालवे, बंदरे आणि धक्के यांच्या बांधकामात त्यांची अनेक वर्षे गेली. १८१३-१४ मध्ये अँटवर्पला शत्रुसैन्याचा वेढा पडला, तेव्हा ते तेथे कामावर होते. युद्धातील हाल त्यांनी जवळून पाहिले ते याच शहरात. १८३० पासून काही वर्षे ते आपल्याच जुन्या विद्यालयाचे प्रमुख होते आणि तेथे त्यांनी अंतर्गत जलवाहतूक व रेल्वे हे विषय शिकवले. महानिरीक्षक या पदापर्यंत पोहोचून २७ मार्च १८५१ रोजी, वयाच्या सत्तराव्या वाढदिवशी, ते नियमानुसार निवृत्त झाले. त्यांच्या नावावर असलेल्या सुमारे पन्नास नकाशांपैकी बहुतांश नकाशे यानंतरचे आहेत.

आलेखांकडे वळण

मिनार आलेखांकडे वळले ते रेल्वेच्या वादातून. फ्रान्समध्ये लोहमार्गांची आखणी चालू असताना दोन टोकांच्या मोठ्या शहरांमधील प्रवासी तेवढे मोजण्याकडे कल होता. मधल्या स्थानकांवर चढणारे-उतरणारे प्रवासीच संख्येने अधिक असतात, असे मिनार यांचे म्हणणे होते. या प्रश्नात मोठा खर्च आणि अनेक गावांचे भवितव्य गुंतलेले होते. केवळ आकड्यांच्या कोष्टकांनी ही बाब मंत्र्यांच्या लक्षात येईना, म्हणून त्यांनी ती चित्रातून मांडली. दिजों ते म्यूलूझ या मार्गावरील प्रवाशांचा १८४५ चा नकाशा हे त्याचे उदाहरण होय. त्यात रस्त्याच्या प्रत्येक भागावरील पट्टा तेथील प्रवाशांच्या संख्येइतका रुंद आहे.

त्याआधी १८४४ मध्ये त्यांनी मालवाहतुकीसाठी वेगळ्या धाटणीचा स्तंभालेख केला होता. नेहमीच्या स्तंभालेखात सर्व स्तंभ सारख्या रुंदीचे असतात आणि रुंदीला अर्थ नसतो. मिनार यांनी स्तंभाची रुंदी मार्गाच्या त्या टप्प्याच्या लांबीइतकी आणि उंची मालाच्या वजनाइतकी ठेवली. साहजिकच स्तंभाचे क्षेत्रफळ वजन आणि अंतर यांचा गुणाकार दाखवू लागले. वाहतुकीचा खर्च ठरतो तो याच गुणाकारावरून.

प्रवाहनकाशाची कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हती. हेन्री ड्रुरी हार्नेस यांनी आयर्लंडमधील वाहतुकीचे असे नकाशे १८३७ मध्येच तयार केले होते. मिनार यांनी मात्र या पद्धतीला शिस्त लावली.

मापाची शिस्त

मिनार यांच्या बहुतेक नकाशांच्या शीर्षकात ते अंदाजे असल्याचा स्पष्ट उल्लेख असतो. वाचकाने नेमका आकडा वाचावा हा त्यांचा हेतू नव्हता. दोन परिमाणांतील तफावत नजरेला तत्काळ जाणवावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. नेमका आकडा पट्ट्याशेजारी लिहिलेला असेच. पॅरिसला होणाऱ्या मांसपुरवठ्याच्या १८५८ च्या नकाशात त्यांनी प्रत्येक प्रांतावर एक वर्तुळ काढले आणि गाय-बैल, वासरू व मेंढी यांच्या मांसासाठी त्याचे तीन भाग केले. येथे वर्तुळाचे क्षेत्रफळ पुरवठ्याच्या प्रमाणात आहे. त्रिज्या त्या प्रमाणात घेतली असती, तर दुप्पट पुरवठ्याचे वर्तुळ चौपट मोठे दिसले असते. ही चूक आजही वृत्तपत्रांतील आलेखांत सर्रास आढळते.

रुंदीचे प्रमाण सांभाळण्यासाठी भूगोलाला मुरड घालावी लागली, तर त्यांनी ती घातली. युरोपात येणाऱ्या कापसाच्या नकाशांत पट्टे मावावेत म्हणून त्यांनी सामुद्रधुन्या रुंद केल्या. १८५८, १८६४ आणि १८६५ या वर्षांची तुलना करणारा नकाशा मराठी वाचकांच्या विशेष ओळखीचा विषय मांडतो. पहिल्या वर्षी अमेरिकेकडून येणारा पट्टा अतिशय जाड आहे. यादवी युद्धात दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो आणि हिंदुस्थानाकडून येणारा पट्टा फुगतो. मुंबईत कापसाच्या व्यापाराने आलेली सुबत्ता, शेअरबाजारातील सट्टा आणि १८६५ मधील पडझड यांचा काळ हाच होता.

रशियन मोहिमेचा आलेख

२० नोव्हेंबर १८६९ ही तारीख असलेला हा आलेख मिनार यांनी वयाच्या ८८ व्या वर्षी प्रसिद्ध केला. हॅनिबलच्या सैन्याचा इटलीकडील प्रवास त्याच पत्रकावर आहे. प्रमाण एकच: १ मिलिमीटर म्हणजे १०,००० माणसे. नेमान नदी ओलांडताना ४,२२,००० सैनिक दाखवणारा पट्टा त्यामुळे सुमारे ४२ मिलिमीटर रुंद आहे. मॉस्कोपर्यंत तो १० मिलिमीटर उरतो. परतीचा पट्टा काळा आहे. बेरेझिना नदीपाशी ५०,००० चे २८,००० होतात आणि शेवटी सीमेवर पोहोचतात ते १०,०००, म्हणजे अवघा १ मिलिमीटर. खाली परतीच्या वाटेवरील तापमान जोडलेले आहे. ते सेल्सिअसमध्ये नसून रेओम्यूर अंशांत आहे, हे अनेकदा नजरेतून सुटते. या मापात पाणी ८० अंशांवर उकळते. त्यामुळे ६ डिसेंबरची उणे ३० ही नोंद सेल्सिअसमध्ये उणे ३७.५ होते.

काही तुकड्या वेगळ्या मार्गाने जाऊन पुन्हा मुख्य सैन्याला मिळाल्या होत्या. त्या सतत सोबतच होत्या असे गृहीत धरल्याचे मिनार यांनी पत्रकावरच नमूद केले आहे. आज पुस्तकांत हा आलेख लहान करून छापतात. तेव्हा मिलिमीटरचे लिखित प्रमाण लागू राहत नाही, पट्ट्यांचे परस्पर गुणोत्तर मात्र टिकते.

अखेर आणि प्रभाव

१८७० मध्ये प्रशियाचे सैन्य पॅरिसकडे सरकू लागले. चालण्यासाठी कुबड्या लागणाऱ्या वृद्ध मिनार यांनी आपली बहुतेक पुस्तके व कागदपत्रे मागे ठेवून बोर्दो गाठले. तेथेही त्यांनी काम सुरू केले होते. तापाच्या अल्प आजाराने तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे जावई व्हिक्तोरँ शव्हालिए यांनी १८७१ मध्ये लिहिलेला मृत्युलेख हा त्यांच्या चरित्राचा प्रमुख आधार आहे.

विसाव्या शतकात आर्थर रॉबिन्सन यांनी त्यांच्या नकाशांचा १९६७ मध्ये सविस्तर अभ्यास केला. एडवर्ड टफ्टी यांच्या १९८३ च्या पुस्तकाने रशियन मोहिमेचा आलेख सर्वदूर पोहोचवला. सांख्यिकीय संगणकप्रणालींच्या अभ्यासात तो आता नित्याचा सराव ठरला आहे. आर भाषेतील जीजीप्लॉट२ या संचात रेषेच्या जाडीचे एक एकक सुमारे ०.७५ मिलिमीटर असते. तथापि प्रणालीवर सोडल्यास ती सर्वांत लहान संख्येला १ आणि सर्वांत मोठ्या संख्येला ६ एवढी जाडी देते. मूळ पत्रकात सर्वांत जाड भागाचे ४,००० सैनिकांच्या सर्वांत बारीक भागाशी असलेले गुणोत्तर शंभराहून अधिक आहे, ते अशा आलेखात केवळ सहा उरते आणि सैन्याची हानी बरीच कमी भासते. मिनार यांचे प्रमाण राखायचे असेल, तर शून्य संख्येला शून्य जाडी येईल अशी मोजपट्टी वापरकर्त्याला स्वतः ठरवून द्यावी लागते.