लोकसभेचे पहिले अध्यक्ष

२४ जानेवारी १९४६ चा दिवस. दिल्लीतील त्या भव्य वर्तुळाकार वास्तूत मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद जमले होते. देशावर अजून इंग्रजांचे राज्य होते. लोकांनी निवडून दिलेल्या सभासदांबरोबर सरकारने नेमलेले सभासदही तेथे बसत असत. त्या दिवशी कायदेमंडळाचा अध्यक्ष निवडावयाचा होता. एका बाजूस सरकारचा पाठिंबा लाभलेले सर कावसजी जहांगीर होते, तर दुसऱ्या बाजूस काँग्रेस पक्षाचे गणेश वासुदेव मावळंकर. मते मोजण्यात आली. कावसजींना ६३ मते मिळाली आणि मावळंकरांना ६६. अवघ्या तीन मतांनी मावळंकर विजयी झाले व अध्यक्षांच्या उच्चासनावर जाऊन बसले.

विजय मिळविणे अवघड होते, परंतु त्यापुढचे काम त्याहून अवघड होते. ज्या ६३ जणांनी विरोधात मत दिले, त्यांचेही ते आता अध्यक्ष होते. मित्र आणि विरोधक या दोघांनाही एकाच तराजूने तोलण्याचे हे व्रत त्यांना पुढे दहा वर्षे, अखेरच्या दिवसापर्यंत, सांभाळावयाचे होते.

मावळंकरांचे घराणे मूळचे कोकणातले. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वराजवळ मावळंगे नावाचे गाव आहे. त्या गावावरून त्यांना मावळंकर हे आडनाव मिळाले. गणेश वासुदेवांचा जन्म मात्र २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोदे येथे झाला. त्यांचे प्रारंभीचे शिक्षण राजापूर व इतर काही ठिकाणी झाले. १९०२ मध्ये ते पुढील शिक्षणासाठी अहमदाबादेस गेले आणि तेच शहर त्यांची कर्मभूमी झाले. १९०८ मध्ये गुजरात कॉलेजातून ते पदवीधर झाले. पुढे मुंबईस जाऊन त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. १९१२ मध्ये ते ती परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि पुढच्याच वर्षी अहमदाबादेत वकिली करू लागले. लोक त्यांना आदराने दादासाहेब म्हणत.

वकिली उत्तम चालली असती, तर सुखासमाधानात आयुष्य घालविणे त्यांना कठीण नव्हते. पण तो काळच निराळा होता. गांधीजी साबरमतीच्या काठी येऊन राहिले होते. वल्लभभाई पटेल त्याच शहरात वकिली करीत होते. दादासाहेब १९१६ मध्ये गुजरात सभेचे चिटणीस झाले, आणि खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी सारामाफीसाठी जो लढा दिला, त्यातही ते सहभागी झाले. १९१९ मध्ये ते अहमदाबादच्या नगरपालिकेवर निवडून आले आणि पुढे दोन वेळा तिचे अध्यक्षही झाले. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी वेळोवेळी कारावास पत्करला. तुरुंगात त्यांची जी वर्षे गेली, त्यांची बेरीज सहाच्या घरात जाते. तेथेही त्यांचे मन माणसांकडेच होते. शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांची सुखदुःखे त्यांनी आपुलकीने ऐकून घेतली आणि त्यांच्या सत्यकथा पुढे गुजराती भाषेत लिहिल्या. ज्याचे कोणी ऐकत नाही, त्याचे ऐकून घेण्याचा हा गुण पुढे अध्यक्षपदावर त्यांच्या फार उपयोगी पडला.

१९३७ मध्ये ते मुंबई प्रांताच्या विधानसभेवर निवडून आले. त्या सभेने त्यांना आपले अध्यक्ष निवडले, आणि सभागृह चालविण्याच्या कलेचे पहिले धडे त्यांनी तेथे गिरविले. मग १९४६ मध्ये दिल्लीतील ती निवडणूक झाली. दीड वर्षाने, १५ ऑगस्ट १९४७ रोजी, देश स्वतंत्र झाला. जुने कायदेमंडळ संपले. राज्यघटना तयार करणाऱ्या संविधान सभेवरच आता नित्याचे कायदे करण्याचेही काम येऊन पडले. ही दोन कामे एकाच सभेने कशी करावी, याचा विचार करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली व दादासाहेब तिचे प्रमुख झाले. दोन्ही कामे वेगवेगळी चालवावीत, असे ठरले. त्यानुसार घटनेचे काम चाले तेव्हा डॉ. राजेंद्रप्रसाद अध्यक्षस्थानी बसत आणि कायद्यांचे काम चाले तेव्हा मावळंकर.

घटना अमलात आली आणि देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. १७ कोटींहून अधिक लोकांना मताचा अधिकार मिळाला होता. १५ मे १९५२ रोजी नव्या लोकसभेने आपला अध्यक्ष निवडला. विरोधी पक्षांनी शेतकरी कामगार पक्षाचे शंकर शांताराम मोरे यांचे नाव सुचविले होते. मोऱ्यांना ५५ मते मिळाली, मावळंकरांना ३९४. अशा रीतीने दादासाहेब स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. लोकसभा हे आज सर्वांच्या तोंडी असलेले नाव मात्र तेव्हा रूढ नव्हते. ते हिंदी नाव स्वीकारल्याची घोषणा १४ मे १९५४ रोजी त्यांच्याच कारकीर्दीत झाली.

सभागृहात सुमारे पाचशे सभासद होते. कोणी वकील, कोणी शेतकरी, कोणी कामगारांचे पुढारी. बहुतेकांना संसदेच्या कामाचा अनुभव नव्हता. सर्वांनाच बोलावयाचे होते, आणि दिवसाचे तास तर मोजके. अशा वेळी कोणी केव्हा बोलावे, किती वेळ बोलावे, प्रश्न कसा विचारावा, मत कसे नोंदवावे, याचे नियम नसतील, तर सभागृहाचा बाजार होण्यास वेळ लागत नाही. इंग्रजी अमदानीतील नियम परक्या सरकारच्या सोयीचे होते. ते बदलून स्वतंत्र देशाला शोभतील असे नियम घडविणे, हे दादासाहेबांनी आपले कर्तव्य मानले. कोणत्या विषयाला किती वेळ द्यावा हे सर्व पक्षांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून ठरवावे, म्हणून कामकाज सल्लागार समिती निर्माण झाली. सरकार खर्चाचा जो अंदाज मांडते, तो बारकाईने तपासण्यासाठी १९५० मध्येच अंदाज समिती अस्तित्वात आली होती.

कामकाजाचा सर्वांत जिवंत भाग म्हणजे प्रश्नोत्तराचा तास. दूरच्या एखाद्या खेड्यात रेल्वे का थांबत नाही, दुष्काळी भागात धान्य का पोचले नाही, असे प्रश्न लोकांचे प्रतिनिधी विचारतात आणि मंत्र्यांना उत्तर द्यावे लागते. ज्या प्रश्नाचे उत्तर तोंडी हवे असते, त्यावर कागदात एक तारा छापलेला असतो. म्हणून त्यास तारांकित प्रश्न म्हणतात. त्या उत्तरावर आणखी उपप्रश्न विचारता येतात. मोठ्यातल्या मोठ्या मंत्र्यालाही या तासाची तयारी करून यावे लागते. या तासाचे महत्त्व दादासाहेब पुरेपूर ओळखून होते. एखादे उत्तर अपुरे वाटले, तर त्यावर अर्धा तास स्वतंत्र चर्चा करण्याची सोयही त्यांच्या काळात झाली.

सभागृहात बोललेला शब्द वाऱ्यावर विरून जाऊ नये, याचीही तेथे व्यवस्था असते. मध्यभागी असलेल्या मेजाशी लघुलिपी जाणणारे लेखक बसतात. प्रत्येक जण थोडी मिनिटे लिहून घेतो व उठतो. त्याची जागा दुसरा घेतो. बाहेर जाऊन तो आपल्या खुणांचे अक्षरांत रूपांतर करतो. हे सर्व तुकडे जोडून त्या दिवसाचा संपूर्ण वृत्तांत तयार होतो व छापला जातो. सभासदाला आपले भाषण तपासण्यास मिळते. एखादा शब्द चुकीचा ऐकला गेला असेल, तर तो त्याला दुरुस्त करता येतो. पण बोलल्याचा अर्थ बदलता येत नाही. बोलून गेल्यावर पश्चात्ताप झाला, तरी शब्द पुसता येत नाहीत. असभ्य किंवा बदनामीकारक शब्द तेवढे वृत्तांतातून वगळण्याचा अधिकार अध्यक्षांना असतो. हा अधिकार जपून वापरावा लागतो. अध्यक्षांनी त्याचा उपयोग कोणाची टीका झाकण्यासाठी केला, तर तो वृत्तांत कोणाच्याही विश्वासास पात्र राहणार नाही.

या नोंदींतूनच एक मोठी सुधारणा घडून आली. प्रश्नांना उत्तरे देताना मंत्री पुष्कळदा आश्वासने देतात. चौकशी करू, माहिती मिळवून सभागृहापुढे ठेवू, असे सांगितले जाते. सभासद समाधानाने खाली बसतात. पण पुढे त्या आश्वासनाचे काय झाले? पूर्वी ज्या सभासदाने प्रश्न विचारला असेल, त्यानेच त्याचा पाठपुरावा करावयाचा, अशी रीत होती. नवनव्या कामांच्या गर्दीत कित्येक आश्वासने विसरली जात. १ डिसेंबर १९५३ रोजी दादासाहेबांनी यासाठी एक समिती नेमली. वृत्तांत वाचून त्यातील आश्वासने वेचून काढावयाची, त्यांची यादी करावयाची आणि प्रत्येक आश्वासन पुरे झाले की नाही हे पाहावयाचे, असे तिचे काम होते. घरात वडीलधाऱ्यांनी मुलाला दिलेला शब्द जसा पाळावा लागतो, तसा सरकारने लोकांना दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, हा त्यामागील विचार होता.

सरकारात बसलेले बहुतेक लोक दादासाहेबांचे जुने सहकारी होते. त्यांच्याबरोबर त्यांनी लढे दिले होते. पण अध्यक्ष या नात्याने वेळ आली, तेव्हा त्यांनी सरकारलाही स्पष्ट शब्दांत बजावले. संसदेची बैठक चालू नसते, तेव्हा तातडीची गरज पडल्यास वटहुकूम काढून कायदा करण्याची सोय घटनेत आहे. ही सोय सरकार फार सढळपणे वापरीत आहे, असे त्यांना दिसून आले. लोकांच्या प्रतिनिधींनी चर्चा करून कायदा करावा, हा लोकशाहीचा राजमार्ग आहे. आडवाट केवळ संकटासाठी ठेवावी, असे त्यांचे मत होते. त्यांनी १९५० मध्ये आणि पुन्हा १९५४ मध्ये सरकारला याविषयी पत्रे लिहिली. वटहुकूम त्यानंतर अगदी थांबले असे नव्हे. तरीही अध्यक्षाने मैत्रीपेक्षा सभागृहाचा मान मोठा मानावा, हा धडा त्यांनी घालून दिला.

इतके करूनही सर्वांचेच समाधान झाले नाही. अध्यक्षाला प्रत्यही कोणाला तरी नकार द्यावा लागतो आणि नकार कोणालाच गोड लागत नाही. काही विरोधी सभासदांना वाटले, की अध्यक्ष आपल्याला न्याय देत नाहीत. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करावे, असा ठराव लोकसभेपुढे आला. स्वतंत्र भारताच्या लोकसभेत अध्यक्षाविरुद्ध आलेला हा पहिलाच ठराव होता. आयुष्यभर निःपक्षपातीपणाचा ध्यास घेतलेल्या वृद्ध माणसाला याहून कठोर प्रसंग कोणता असणार? अशा वेळी आरोप ज्याच्यावर आहे, त्याने अध्यक्षस्थानी बसू नये, असा घटनेचा दंडक आहे. त्याप्रमाणे त्या दिवशी उच्चासनावर उपाध्यक्ष बसले. दोन्ही बाजूंची भाषणे झाली, मते घेण्यात आली आणि ठराव नापसंत झाला. तथापि त्या दिवशी अध्यक्षांविरुद्ध जे बोलले गेले, ते छापील वृत्तांतात आजही वाचावयास मिळते. जो नियम इतरांना, तोच अध्यक्षांना!

दादासाहेब पुन्हा आपल्या जागी आले आणि कामाला लागले. संसदीय कामाची माहिती देशातील सर्व विधिमंडळांना मिळावी, म्हणून १९५५ मध्ये लोकसभेच्या सचिवालयाने एक नियतकालिकही सुरू केले. पण श्रमाने शरीर थकत चालले होते. हृदयविकाराने त्यांना गाठले आणि २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबाद येथे त्यांची प्राणज्योत मालवली. त्या वेळी त्यांचे वय ६७ वर्षांचे होते. पंडित जवाहरलाल नेहरूंनी त्यांना लोकसभेचे जनक म्हणून गौरविले होते.

दादासाहेबांनी रणांगण गाजविले नाही. त्यांचे बहुतेक दिवस इतरांची भाषणे ऐकण्यात, नियमांचा अर्थ लावण्यात आणि कागद तपासण्यात गेले. पण ज्या देशात दुबळ्यातल्या दुबळ्या माणसाचा प्रतिनिधी उभा राहून प्रश्न विचारतो, सत्ताधाऱ्याला त्याचे उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर कायमचे लिहून ठेवले जाते, त्या देशात लोकांचे राज्य खरोखर नांदते. संसदेच्या ग्रंथालयात वृत्तांतांचे ते जाड खंड ओळीने मांडून ठेवलेले आहेत. त्यांत दादासाहेबांची स्वतःची भाषणे थोडी आहेत. इतरांना त्यांनी बोलू दिले, त्याची पाने मात्र हजारो आहेत.