आधी मी, मग तू, मग परत मी

यंदा जीएस तू, पुढच्या वर्षी मी, असं सेटिंग कॉलेजात होतं ना? मेक्सिकोत दोन मित्रांनी अख्ख्या देशाचं तसं केलं होतं.

त्यातला पहिला आल्वारो ओब्रेगोन. जन्म १८८०, सोनोरा प्रांतातला. अठरा भावंडांतलं शेंडेफळ. काबुली चणा पिकवायचा, त्यासाठी स्वतः एक यंत्रही बनवलेलं. पोर्फिरिओ दियास तीसेक वर्षं खुर्ची अडवून बसला होता. राष्ट्राध्यक्षानं पुन्हा निवडणूक लढवायची नाही, हीच १९१०च्या क्रांतीची मुख्य मागणी. ओब्रेगोन मात्र १९१२ मध्ये, म्हणजे दियास पळून गेल्यावर लढाईत उतरला. १९१५ला सेलायात त्यानं पांचो व्हियाचं घोडदळ मोडलं. पुढच्या लढाईत उजवा हात तुटला. पडलेल्या हातांत माझा सापडेना, दोस्तानं सोन्याचं नाणं उडवलं तसा तो टुणकन उठला, असा विनोद तो स्वतःच सांगायचा!

१९२० ते २४ तो राष्ट्राध्यक्ष. गावोगावी शाळा निघाल्या, दिएगो रिव्हेरा सरकारी भिंती रंगवू लागला. मुदत संपली तेव्हा त्यानं खुर्ची दिली सोनोराच्याच जोडीदाराला, एकेकाळचे शाळामास्तर प्लुतार्को कायेसला. त्यावरून सैन्यात बंड झालं, ते त्यानं चिरडलं. मग पुन्हा शेती.

गोम पुढे आहे. कायेसच्या काळात घटनाच बदलली. सलग नाही, पण मध्ये खंड पडला तर परत उभं राहता येईल. मुदतही चाराची सहा वर्षं. कुणासाठी, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. विरोधात उभे ठाकलेले सेरानो आणि गोमेस हे दोन सेनापती १९२७ मध्ये गोळ्या घालून मारले गेले. सेरानो तर ओब्रेगोनचा जुना साथीदार.

१ जुलै १९२८ला ओब्रेगोन जिंकला, समोर कुणी उरलंच नव्हतं. १७ तारखेला एका रेस्टॉरंटात मेजवानी चालू असताना, व्यंगचित्रं दाखवायला जवळ आलेल्या एका कट्टर कॅथलिक तरुणानं त्याला गोळ्या घातल्या. चर्चवरच्या बंधनांवरून तेव्हा यादवी चालू होती. तरी ओब्रेगोनच्या माणसांचा संशय कायेसवरही गेला.

कायेस परत खुर्चीवर बसला नाही. त्यानं १९२९ मध्ये पक्ष काढला आणि मागे राहून तीन राष्ट्राध्यक्ष चालवले. चौथ्यानं, कार्देनासनं, १९३६ला त्यालाच विमानात बसवून देशाबाहेर धाडलं. नावं बदलत तो पक्ष २००० पर्यंत सत्तेत होता. पुन्हा निवडून यायची बंदी १९३३लाच परत आली होती.

ओब्रेगोनचा तुटलेला हात खुनाच्या जागी बांधलेल्या स्मारकात, बरणीत ठेवला होता. १९८९ पर्यंत लोक तो बघायला जायचे.