शब्दांच्या शोधात : इतिहासाचार्य राजवाडे

आपण रोज बोलतो ते शब्द शंभर, पाचशे वर्षांपूर्वी कसे होते? हे जाणून घेण्यासाठी ज्यांनी आपले अवघे आयुष्य वेचले, ते थोर संशोधक म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे होत.

राजवाड्यांचा जन्म १८६३ साली कोकणात वरसई येथे झाला. शिक्षण पुण्यास झाले. तरुणपणीच पत्नीचे निधन झाले. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. पुढे वाई येथे त्यांना पेशवेकालीन पत्रे सापडली. ती त्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात छापली.

अशी कितीतरी दप्तरे जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडत होती. एक कागद नाहीसा झाला, की त्यातील शब्दही कायमचे नाहीसे होणार! म्हणून राजवाडे गावोगाव पायी हिंडले. स्वतःच्या हाताने स्वयंपाक करावा, मिळेल तेथे राहावे आणि मोडी कागद उतरून घ्यावेत, असा त्यांचा क्रम असे. या परिश्रमांतून ग्रंथमालेचे बावीस खंड सिद्ध झाले.

या पत्रांत त्यांना राजकारणाबरोबर भाषेचाही इतिहास दिसला. शिवकालापूर्वीच्या पत्रांत फारसी शब्दांची गर्दी होती; पुढील काळात ती ओसरली. कागद कालक्रमाने लावल्यामुळेच हा बदल ध्यानी आला.

नकला करणारे लोक जुने शब्द बदलून टाकतात, हे राजवाडे जाणून होते. म्हणून ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळताच त्यांनी ती संपादून छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरण लिहिले. महानुभाव पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिपीत होते. तिचा उलगडा त्यांनी केला, तेव्हा प्राचीन मराठी गद्याचे भांडार अभ्यासकांना खुले झाले. गावांची नावे, आडनावे, क्रियापदांचे धातू, यांतही त्यांनी भाषेच्या खुणा शोधल्या.

१९१० साली त्यांच्या पुढाकाराने पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. १९२६ साली धुळे येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचा धातुकोश त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.

त्यांची काही अनुमाने पुढील विद्वानांना मान्य झाली नाहीत. परंतु ती तपासण्याची साधनेही बव्हंशी त्यांनीच जमविलेली होती. आधी साधन, मग सिद्धान्त, हाच त्यांच्या जीवनाचा धडा होय.