अकरा दिवसांचा अज्ञातवास

हवापालटासाठी गेलेल्या माणसांच्या आपापसांतल्या ओळखी मोठ्या चमत्कारिक असतात. जेवणाच्या टेबलावर शेजारी बसलेला गृहस्थ आपले नाव, गाव, व्यवसाय सांगतो आणि ऐकणारा ते खरे मानून चालतो. त्याचे घर कोणी पाहिलेले नसते, त्याचे शेजारीपाजारी, नातेवाईक कोणाच्या परिचयाचे नसतात. आठ-दहा दिवसांच्या सहवासात शहानिशा करण्याचे कारणही पडत नाही.

१९२६च्या डिसेंबरात इंग्लंडमधील हॅरोगेट या गावी असेच घडले. यॉर्कशायर परगण्यातील हे गाव औषधी पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध. तेथील हायड्रोपॅथिक हॉटेलात एक मध्यमवयीन स्त्री एकटीच उतरली. नोंदवहीत तिने टेरेसा नील असे नाव लिहिले आणि आपण दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनहून आल्याचे नमूद केले. ती इतर पाहुण्यांत मिसळे, पत्ते खेळे, संध्याकाळी वाद्यवृंदाच्या तालावर नाचे आणि सकाळी वर्तमानपत्र वाची. त्या दिवसांतल्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर एकाच बेपत्ता लेखिकेची बातमी आणि छायाचित्र झळकत होते. ती लेखिका म्हणजे अगाथा ख्रिस्ती आणि वर्तमानपत्र वाचणारी टेरेसा नील म्हणजेही अगाथा ख्रिस्तीच.

रहस्यकथेच्या या सम्राज्ञीच्या आयुष्यातले हे अकरा दिवस तिच्या कोणत्याही कादंबरीपेक्षा अधिक चर्चिले गेले. परंतु ते समजून घ्यायचे तर थोडे मागे जायला हवे.

अगाथा मिलर यांचा जन्म १५ सप्टेंबर १८९०चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गावचा. टॉर्की हे श्रीमंतांचे आवडते विश्रांतिस्थान. सुट्टीसाठी येणारे-जाणारे पाहुणे हे या गावाचे नित्याचे दृश्य होते. वडील फ्रेडरिक अमेरिकन, वडिलोपार्जित संपत्तीवर निवांत जगणारे. आई क्लॅरा कल्पक आणि मानी. तीन भावंडांत अगाथा सर्वांत धाकटी. तिचे शिक्षण बहुतांशी घरीच झाले. ती अकरा वर्षांची असताना वडील वारले आणि घरची स्थिती ओढगस्तीची झाली. तेव्हापासून आई आणि ‘अ‍ॅशफील्ड’ हे जन्मघर हेच तिच्या जगाचे दोन आधारस्तंभ राहिले. पुढे आईच्या प्रकृतीसाठी मायलेकी कैरोला जाऊन एक हिवाळा हॉटेलात राहिल्या. नाचगाण्यांत आणि नव्या ओळखींत गेलेल्या त्या दिवसांवर अगाथाने आपली पहिली कादंबरी बेतली. ती कोणी छापली नाही; पण परक्या मुलखातल्या हॉटेलात जमलेली माणसे हा विषय तिला तेव्हापासूनच खुणावत होता, असे म्हणता येईल.

१९१४च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्यांचा विवाह आर्चिबाल्ड ख्रिस्ती या तरुण लष्करी वैमानिकाशी झाला. पहिले महायुद्ध सुरू होते. पती आघाडीवर आणि पत्नी टॉर्कीच्या इस्पितळात परिचारिका. पुढे त्या तेथल्याच औषधालयात औषधे तयार करण्याचे काम करू लागल्या. विषांची जी नेमकी माहिती पुढे त्यांच्या कथांत आढळते, तिचा उगम या औषधालयात आहे. बेल्जियमहून आलेले निर्वासित त्या वेळी टॉर्कीत राहत होते. त्यांच्यावरून सुचलेला हर्क्युल प्वारो हा मिशाळ, टापटिपीचा गुप्तहेर १९२० साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या कादंबरीत अवतरला. त्याआधीच्या वर्षी कन्या रोझलिंडचा जन्म झाला होता. १९२६ साली ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ प्रसिद्ध झाली आणि त्यांचे नाव इंग्लंडभर गाजले.

त्याच वर्षी आयुष्याची घडी विस्कटली. एप्रिलमध्ये आई गेली. जन्मघराची आवराआवर करण्यासाठी अगाथा टॉर्कीला गेल्या. आईचे कपडे, कागदपत्रे, जुन्या वस्तू यांत त्या अनेक आठवडे अडकून पडल्या. झोप उडाली, खाण्यापिण्यावरची वासना गेली. ऑगस्टमध्ये आर्ची तेथे आले, ते नॅन्सी नील या तरुणीवर आपले प्रेम असल्याचे आणि आपल्याला घटस्फोट हवा असल्याचे सांगण्यासाठीच.

३ डिसेंबर १९२६, शुक्रवार. आर्ची आठवड्याची सुट्टी घालवण्यासाठी मित्राच्या घरी गेले होते. नॅन्सी नीलही तेथे होती. रात्री पावणेदहाच्या सुमारास अगाथा आपली मोटार घेऊन सनिंगडेल येथील घरातून बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ही मोटार सरे परगण्यात न्यूलँड्स कॉर्नर येथे, खडूच्या एका खाणीच्या तोंडाशी सापडली. आत फरचा कोट होता आणि वाहन चालवण्याचा मुदत संपलेला परवाना होता. बाई मात्र नव्हती.

मग सुरू झाली एक अभूतपूर्व शोधमोहीम. शेकडो पोलीस, हजारो स्वयंसेवक, शिकारी कुत्रे कामाला लागले. विमानांतूनही पाहणी झाली आणि जवळचा तलाव ढवळून काढण्यात आला. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनी अगाथांचा एक हातमोजा मिळवून अतींद्रिय शक्तीचा दावा करणाऱ्या गृहस्थाकडे नेला. रहस्यकथाकार डोरोथी सेयर्स यांनी जागेवर जाऊन पाहणी केली. संशयाची सुई अर्थातच पतीकडे वळली. त्यांच्यावर पाळत बसली.

गंमत अशी की, उत्तर जवळजवळ हाताशी होते. आपण यॉर्कशायरला झऱ्यांच्या ठिकाणी विश्रांतीसाठी जात आहोत, असे पत्र अगाथांनी आपल्या दिरांना पाठवले होते. त्यावर पुरेसा विश्वास ठेवला गेला नाही आणि शोध सरेच्या रानातच चालू राहिला. हॅरोगेटच्या ‘टेरेसा नील’ यांनी तर ‘टाइम्स’ या वृत्तपत्रात छोटी जाहिरात देऊन, दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या टेरेसा नीलच्या आप्तस्नेह्यांनी संपर्क साधावा, असे कळवलेही होते. पतीच्या प्रेयसीचे आडनाव त्यांनी स्वतःसाठी का निवडले असावे, हा प्रश्न वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

अखेर हॉटेलच्या वाद्यवृंदातील वादकांना या नाचणाऱ्या बाईंचा चेहरा ओळखीचा वाटला आणि त्यांनी पोलिसांना कळवले. १४ डिसेंबरला आर्ची हॅरोगेटला आले आणि त्यांनी पत्नीला ओळखले. दोन डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचे निदान केले. लोकांना मात्र ते पटले नाही. पुस्तके खपवण्यासाठी केलेले हे नाटक, पतीवर उगवलेला सूड, असे नाना तर्क झाले. शोधमोहिमेवर झालेल्या खर्चावरूनही टीका झाली. जी जनता त्यांच्यासाठी रान तुडवत होती, तीच आता त्या जिवंत सापडल्याबद्दल त्यांना दोष देत होती.

पांडवांनी अज्ञातवासात नावे बदलली, तेव्हा त्यांना आपण कोण आहोत याचे पुरते भान होते. अगाथांना ते होते की नव्हते, हे निश्चितपणे सांगता येत नाही. मन मोडून गेलेल्या माणसाला काही दिवस दुसरेच कोणी व्हावेसे वाटले, तर त्याला ढोंग म्हणायचे की आजार, याचा निवाडा बाहेरून करणे सोपे नाही. एवढे निश्चित की, त्यानंतर वृत्तपत्रे आणि गर्दी यांच्याविषयी त्यांना कायमची धास्ती बसली.

पैशांची निकड असल्याने लिहिणे थांबवता येत नव्हते. मनाविरुद्ध, कष्टाने त्यांनी ‘द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन’ पूर्ण केली. ती त्यांना स्वतःला कधीच आवडली नाही. १९२८ साली घटस्फोट झाला. त्याच वर्षी त्या वेस्ट इंडीजला जाण्याच्या तयारीत असताना, एका मेजवानीत भेटलेल्या जोडप्याने त्यांना बगदादचे वर्णन ऐकवले. अगाथांनी लगोलग तिकिटे बदलली आणि एकट्याच ओरिएंट एक्स्प्रेसमध्ये बसल्या. जेवणाच्या टेबलावरच्या एका ओळखीने त्यांच्या आयुष्याला वळण दिले. इराकमधील ऊर येथील उत्खनन त्यांनी पाहिले. १९३०च्या दुसऱ्या भेटीत तेथे मॅक्स मॅलोवन हे तरुण पुरातत्त्वज्ञ भेटले. वयाने ते सुमारे चौदा वर्षांनी लहान होते. त्याच वर्षी सप्टेंबरात दोघांचा विवाह झाला आणि तो अखेरपर्यंत टिकला.

यानंतरच्या त्यांच्या कादंबऱ्यांकडे पाहिले की, प्रवासात आणि सुट्टीत जमलेली माणसे किती वेळा येतात हे जाणवते. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ (१९३४) मध्ये बर्फात अडकलेल्या आगगाडीतील प्रवासी, ‘डेथ ऑन द नाइल’ (१९३७) मध्ये बोटीवरचे सहप्रवासी, ‘अपॉइंटमेंट विथ डेथ’ (१९३८) मध्ये पेट्राला गेलेले पर्यटक, ‘ईव्हिल अंडर द सन’ (१९४१) मध्ये बेटावरच्या हॉटेलातील पाहुणे. ‘अ कॅरिबियन मिस्टरी’ (१९६४) मध्ये मिस मार्पल या वृद्धेला भेटलेला एक निवृत्त मेजर आपल्या जुन्या आठवणी सांगून सर्वांना कंटाळा आणतो. एका खुन्याचे छायाचित्र दाखवता दाखवता तो अचानक थबकतो आणि दुसऱ्या दिवशी मृतावस्थेत आढळतो. या कथांतील प्रत्येकाची ओळख त्याच्या स्वतःच्या सांगण्यापुरतीच असते आणि गुप्तहेराचे काम ते सांगणे पारखून घेण्याचे असते. कथेच्या सोयीसाठी हे योग्यच. तरीही, स्वतः एकदा खोट्या नावाने पाहुण्यांत वावरलेल्या लेखिकेला या मामल्याची जाण इतरांहून अधिक असणार, असे वाटत राहते.

आपल्या त्या दिवसांविषयी बोलणे त्यांनी पुढे बहुतांशी टाळले. ‘मेरी वेस्टमॅकॉट’ या टोपणनावाने १९३४ साली लिहिलेल्या ‘अनफिनिश्ड पोर्ट्रेट’ या कादंबरीत आईचा मृत्यू, पतीचा दुरावा आणि आत्मघाताच्या टोकापर्यंत गेलेली नायिका आहे. परंतु लेखिका कोण हे तेव्हा वाचकांना ठाऊक नव्हते. १९५० साली इराकमधील निमरुद येथे त्यांनी आत्मचरित्र लिहावयास घेतले आणि १९६५च्या ऑक्टोबरात ते पूर्ण केले. बालपण, आई, युद्ध, घटस्फोट, उत्खनने, सारे त्यात आहे. त्या अकरा दिवसांचा मात्र शब्दानेही उल्लेख नाही.

योगायोग असा की, त्याच १९६५ साली त्यांची ‘अ‍ॅट बर्ट्रम्स हॉटेल’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. लंडनमधल्या जुन्या वळणाच्या एका हॉटेलात मिस मार्पल सुट्टीसाठी उतरतात. तेथल्या पाहुण्यांतील एक विसराळू धर्मोपदेशक एकाएकी नाहीसे होतात. डोक्याला मार बसलेल्या अवस्थेत ते दूरवर सापडतात आणि मधल्या काळात काय झाले, हे त्यांना आठवत नाही. या कथेतील पोलीस आणि पाहुणे त्यांना ढोंगी ठरवत नाहीत. आठवेल तेवढे आठवू द्यावे, एवढ्या सौजन्याने ते त्यांच्याशी वागतात. पंचाहत्तरीच्या लेखिकेने आपल्या पात्राला दिलेले हे सौजन्य छत्तिसाव्या वर्षी तिच्या स्वतःच्या वाट्याला आले नव्हते.

१९७१ साली त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला. १२ जानेवारी १९७६ रोजी, वयाच्या ८५व्या वर्षी वॉलिंगफर्ड येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. चॉल्सी गावच्या चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. दोन वर्षांनी मॅक्स यांनाही तेथेच विसावा मिळाला. त्यांच्या मागे सहासष्ट रहस्यकादंबऱ्या राहिल्या. त्या प्रत्येकीच्या शेवटी सर्व पाहुण्यांना एका खोलीत जमवून रहस्याचा उलगडा व्हावा, अशी वाचकाची अपेक्षा असते आणि बहुतेक वेळा ती पूर्ण होते. १९७७ साली आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा अनेकांनी हॅरोगेटचा उलगडा शोधण्यासाठीच त्याची पाने चाळली असतील. तेथे मात्र अगाथाबाईंनी कोणालाही खोलीत बोलावलेले नाही.