दहा दिवसांचं बाळ

डॉ. आनंदीबाई जोशी म्हटलं, की आपल्याला आठवते अमेरिकेतून डॉक्टर झालेली, साडीतली तरुण बाई. मला मात्र आधी आठवते ती चौदा वर्षांची बाळंतीण.

३१ मार्च १८६५ चा तिचा जन्म. माहेर कल्याणचं, नाव यमुना. नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी लग्न झालं. नवरा बिजवर, वयानं वीसेक वर्षांनी मोठा. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर उपचार मिळाले असते तर बाळ वाचलं असतं, ही सल तिच्या मनातून गेली नाही. बाईला तपासायला बाई डॉक्टर नाही आणि पुरुष डॉक्टरपुढे जायचं नाही. अशा कोंडीत किती जणी गेल्या असतील!

१८८३ मध्ये त्या नवऱ्याविना बोटीनं अमेरिकेला निघाल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात एम. डी. झाल्या. प्रबंधाचा विषयही बाळंतपणाचाच. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांचा विभाग त्यांच्याकडे यायचा होता. पण क्षयानं गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, तेव्हा बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

मैत्रिणींनो, मी सोयगावची. आज गावोगावी आशाताई आहे, १०८ ची गाडी आहे. तरी मोठ्या तपासणीसाठी संभाजीनगरची घाटी शंभर किलोमीटरच्या पुढे. पैसेवाली पहिल्याच महिन्यात खासगी दवाखाना गाठते. कापूस वेचणारीची मात्र एका खेपेत दिवसाची मजुरी बुडते. त्यात, तीन महिने कुणाला सांगायचं नाही, ही आपली रीत. आणि सून अठराच्या आतली असली, तर घरचेच दिवस लपवतात. जिला जास्त जपायचं, तीच मागे राहते.

नेमके हेच तीन महिने मोलाचे. बाळाचा मेंदू, मणका तेव्हाच घडतो. म्हणून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या लगेच हव्यात. रक्त, रक्तदाब, लघवी तपासली, तर धोका आधी कळतो. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. गावात सांगायचं नसेल तर नका सांगू, पण आशाताईला सांगा. शेजारची लाजत असेल, तर तिच्याबरोबर तुम्ही जा.

आनंदीबाईंना सोबत न्यायला कुणी नव्हतं. आपण तर आहोत ना?