पिअर्सन आणि एडिनबर्गची मुले

मुलाचे वजन कमी भरले आणि वडील पितात असे कळले, की आम्ही डॉक्टर मंडळी मनातल्या मनात दोन्हींची सांगड घालून मोकळे होतो. घरात पैसा किती येतो, आईच्या ताटात काय उरते, हे विचारायचे राहून जाते. दोन गोष्टींच्या नात्यात अशी तिसरी गोष्ट लुडबुड करते तेव्हा ते नाते आहे त्यापेक्षा मोठे, लहान, कधी उलटेही दिसते. साथरोगशास्त्रात याला कन्फाउंडिंग म्हणतात. ही लुडबुड आकड्यांतून फार लवकर ओळखणारे आणि पुढे तिच्यातच अडकलेले गृहस्थ म्हणजे कार्ल पिअर्सन.

जन्म १८५७, लंडन. केंब्रिजला १८७९ मध्ये गणितात तिसरे आले, काही काळ जर्मनीत शिकले आणि १८८४ पासून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. गाल्टन आणि वेल्डन यांच्या संगतीने ते आनुवंशिकतेच्या आकडेमोडीकडे वळले. १९०० सालची त्यांची ‘काय-स्क्वेअर’ चाचणी आजही आमचे एमडीचे विद्यार्थी प्रबंधात वापरतात, बहुतेकांना ती कोणाची हे ठाऊक नसले तरी.

१८९९ मध्ये त्यांनी पॅरिसच्या तळघरांतील कवट्यांची मापे तपासली. पुरुषांच्या कवट्यांत लांबी व रुंदीचा संबंध जवळपास शून्य होता, स्त्रियांच्यातही तसाच. दोन्ही ढीग एकत्र केले आणि संबंध दिसू लागला! कारण साधे होते, पुरुषांची कवटी दोन्ही मापांनी मोठी असते. सरमिसळीतून खोटे नाते जन्मते, हे त्यांनी स्वच्छ मांडले.

मग १९१० साल आले. एथेल एल्डरटन या सहकारी बाईंबरोबर त्यांनी पिणाऱ्या आणि न पिणाऱ्या आईबापांच्या मुलांची तुलना केली. एडिनबर्गच्या शाळकरी मुलांची माहिती आधीच गोळा झालेली होती. पिणाऱ्यांची मुले उंची-वजनात किंचित सरसच निघाली. पण ती वयानेही थोडी मोठी होती. वयाचा हिशेब केल्यावर पारडे जरासे न पिणाऱ्यांकडे झुकले. इथवर काम चोख होते. बाकी तब्येत, बुद्धी यांत म्हणण्यासारखा फरक नाही, असा निष्कर्ष निघाला आणि दारूबंदीवाले खवळले. त्यांच्यापैकी अनेकांनी आजवर तुलनेसाठी न पिणारे कुटुंब घेतलेच नव्हते, हेही सांगायला हवे.

खरा घाव घातला २७ वर्षांच्या जॉन मेनार्ड केन्सने. हो, तेच पुढचे अर्थतज्ज्ञ. एकाच गरीब वस्तीतल्या पिणाऱ्या आणि न पिणाऱ्या बापांची मजुरी जवळपास सारखी होती. पिअर्सन यांना हा तुलना न्याय्य असल्याचा पुरावा वाटला, केन्स यांनी तो उलटा केला. पिऊनही जो तितकेच कमावतो, तो मुळात अधिक सशक्त, हुशार असणार, दारूने त्याला त्या वस्तीत आणले. शुद्धीत राहूनही जो तिथेच आहे, तो मुळातच दुबळा असू शकतो. म्हणजे वस्ती निवडतानाच तराजू कलला होता. शल्यविशारद व्हिक्टर हॉर्सली आणि डॉ. मेरी स्टर्ज यांनी विचारले, की मूल जन्मण्याआधी आईबाप पीत होते की नंतर पिऊ लागले? माहितीत त्याचा पत्ताच नव्हता.

पिअर्सन हटले नाहीत. उत्तरे तिखट दिली. माझ्या मते अडचण गणितात नव्हतीच. माणूस घडतो तो रक्ताने, परिस्थितीने फारसा नाही, हे त्यांनी आधीच ठरवले होते. १९११ मध्ये ते सुप्रजननशास्त्राचे पहिले गाल्टन प्राध्यापक झाले. १९२५ मध्ये मार्गारेट मोल यांच्यासह त्यांनी लंडनमधील रशियन व पोलिश ज्यू निर्वासितांच्या मुलांवर लिहिले. ही मुले सरासरीने शरीर-बुद्धीत काहीशी कमी आहेत असे ठरवून, त्यांच्या आईबापांसारख्यांना देशात घेण्याविरुद्ध तो आधार वापरला. गरिबी, परकी भाषा, कोंदट घरे यांचा प्रभाव त्यांनी नगण्य मानला. कवट्यांचे ढीग वेगळे करणारा हाच माणूस!

१९३३ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९३६ च्या एप्रिलमध्ये वारले. गरोदरपणी आईने घेतलेल्या दारूने बाळाची वाढ, चेहरा आणि मेंदू यांवर होणाऱ्या परिणामाला १९७३ मध्ये अमेरिकेतील सिएटलच्या डॉक्टरांनी नाव दिले. त्यांनी आईच्या पिण्याची नोंद घेतली होती ती गरोदरपणातली.